रुईचं तेवढं बोलू नको

माझ्या धंद्याला आमच्याकडं अजून धड नाव नाही. पुण्याची पोरं 'स्टँडअप' म्हणतात. मिरजगावच्या बाजारात विचाराल तर कुणीही सांगेल, "त्यो सुभ्या व्हय? उभा ऱ्हाऊन वंगाळ बोलतो, आन लोक त्याला पैसं देत्यात." मला ही व्याख्या मान्य आहे. तमाशातल्या सोंगाड्याच्या पाठीशी ढोलकी असते. कीर्तनकार अडखळला तर मागचे टाळकरी गजर करून त्याला सांभाळून घेतात. माझ्या मागं पडद्याशिवाय काही नसतं. पुढं एक माईक, एक स्टूल आणि स्टुलावर पाण्याची बाटली. विनोद पडला की पाणी प्यायचं, एवढीच काय ती सोय.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "व्यवसायातले गमतीदार अनुभव लिहा." आता गमतीदार तेवढं सगळं मी स्टेजवर सांगून टाकतो. उरतं ते इथं लिहितोय, त्यामुळं बाईंनी मला माफ करावं.

माझा विषय एकच. तो मी निवडला नाही, माझ्या अंगावर येऊन पडला. लग्न न झालेला पुरुष. ब्रह्मचारी वेगळा, तो स्वतः ठरवून होतो. आम्ही राहिलेले. आमच्या भागात प्रत्येक आळीत असा एक तरी बाप्या सापडतो. वय चाळिशीपार, जमीन कोरडवाहू, नोकरी नाही, मिशीला कलप. त्याच्याविषयी सगळे बोलतात, त्याच्याशी कुणी बोलत नाही. अंगाला अंग लागावं असं त्याला वाटतं तेव्हा तो काय करतो, वहिनीनं ताट पुढं सरकवलं की त्याची मान खाली का जाते, हे विचारायची पद्धत नाही. मी ते माईकवर सांगतो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असा आमचा मुलूख. मी आपलं उघडून ठेवतो आणि लोकांना वाकायचे कष्ट वाचवतो.

हे सगळं माझ्या आईनं गिळलं. वडील मी कॉलेजात असताना गेले. मी एकुलता एक. मिरजगावपासून आत आमचा तुकडा आहे, ज्वारी आणि तूर होते. माझा धंदा काय आहे हे आईला शेजारणीनं मोबाईलवर दाखवलं, तेव्हा तिनं मोबाईल पालथा करून फळीवर ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "काय बोलायचं ते बोल. माज्यावर बोल, सोयऱ्यांवर बोल, तुज्या करमावर बोल. रुईचं तेवढं बोलू नको."

बाहेरच्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं बाप्या बिनलग्नाचा मेला तर जुनी माणसं त्याला तसाच नेऊ देत नसत. बांधावरची रुईची फांदी तोडून आणायची, तिला हळद लावायची, मयताच्या कपाळाला मुंडावळ्या बांधायच्या आणि रुईशी त्याचं लग्न लावायचं. मग उचलायचं. नाहीतर त्याचा जीव घुटमळत राहतो, अशी समजूत. आता बरेच जण करत नाहीत. पण आमच्या घरात झालं होतं. माझे धाकटे चुलते विहिरीचं काम चालू असताना कड ढासळून गेले. आई तेव्हा नवी नवरी. हळद लावायला सवाष्ण पाहिजे म्हणून तिलाच पुढं केलं. दिराच्या लग्नात नेसायचं म्हणून तिनं माहेरचं एक लुगडं घडी न मोडता ठेवलं होतं. कुणीतरी तेच नेसायला लावलं. त्या लुगड्यात तिनं रुईच्या फांदीला हळद लावली, आणि मंगलाष्टकाच्या दोन ओळी होताहेत तोवर माणसांनी तिरडी उचलली.

तेव्हापासून आमच्या बांधावर रुई टिकली नाही. उगवली की आई खुरप्यानं मुळासकट काढायची. रुईचा चीक डोळ्यात गेला तर वाईट, म्हणून काढते, असं मला लहानपणी वाटायचं.

आता मेख अशी की माझ्या धंद्याला याच्याएवढा तयार माल दुसरा नाही. बिनलग्नाचा मारुती, त्याला शनिवारी रुईच्या पानांची माळ, आणि बिनलग्नाच्या सुभ्याला शेवटी अख्खी रुईच बायको! मनातल्या मनात मी तो विनोद घासूनपुसून लख्ख करून ठेवला होता. पण बोललो कधी नाही. आईनं माझा एकही कार्यक्रम समोर बसून पाहिलेला नव्हता. मला दोन्ही पाहिजे होतं. आईनं एकदा येऊन बसावं, आणि मी एकदा रुईचं बोलावं. दोन्ही एका जन्मात जमणार नाही हे मला कळत होतं, आणि तरीही वर्षानुवर्षं दोन्ही पाहिजेच होतं.

मी या धंद्यात आलो तो लग्नांमधूनच. दुसऱ्यांच्या. नगरला एमआयडीसीत हेल्पर होतो आणि लग्नसराईत मंगल कार्यालयात निवेदन करायचो. आमच्याकडच्या लग्नात निवेदकाला नवरदेवाच्या खालोखाल महत्त्व. "व्यासपीठावर आगमन होत आहे..." असं म्हणून एकेका पुढाऱ्याचं नाव घ्यायचं. एखादं नाव राहिलं तर त्याचे कार्यकर्ते माईकच्या वायरीवर पाय देऊन उभे राहतात. मुहूर्त टळला तरी चालतो, साहेबांचे आशीर्वाद टळता कामा नयेत. साहेब तिसऱ्या लग्नातून आपल्या लग्नाकडं निघालेले असतात, तोवर नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घाम पुसत उभी, आणि मी माईकवर वेळ काढतोय. त्या वेळ काढण्यात मला बोलायची सवय लागली. लग्न पाहावं करून म्हणतात. मी नुसतीच पाहिली.

पुढं नगरमध्येच सावेडीत एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर पोरांनी 'ओपन माईक' सुरू केलं. म्हणजे कुणीही उठावं आणि पाच मिनिटं बोलून दाखवावं. मी गेलो आणि पुढाऱ्यांच्या नकला केल्या. कुणी हसेना. समोरच्या पोरानं दया येऊन विचारलं, "काका, घरी काकू हसतात का हो यावर?"

मी म्हणालो, "काकू अजून सापडायचीये. परवा मुलगी बघायला गेलो होतो. मुलीनंच विचारलं, काका, नवरदेव गाडी लावतोय का?"

हॉल फुटला. मी विनोद केलाच नव्हता हो. झालेलं सांगितलं होतं. त्या दिवशी कळलं की माझ्याकडं काय माल आहे.

हसू काढायचं कसं, हे मला बरेच जण विचारतात. त्यात जादू काही नाही. माणूस ज्या गोष्टीला घाबरतो तिचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की हॉल आखडतो. बायका पदर सावरतात, पुरुष मोबाईल बघतात. ते आखडलेपण धरवेल तेवढं धरायचं, आणि मग त्यात स्वतःला ढकलून द्यायचं. लोकांना कळतं, पडला तो हा, आपण वाचलो. आणि सुटतात. दुसऱ्याला ढकललंत तर ती टवाळी झाली. ती पारावर फुकट मिळते, तिला तिकीट कोण काढणार?

माझा रात्रीच्या लाईटीचा भाग लोकांना माहीत आहे. आमच्याकडं शेतीला लाईट बऱ्याचदा रात्रीची. विहीर भावकीत सामाईक. मोटर चालू करायला कोण जाणार? मी गावी असलो की सगळे माझ्याकडं बघतात. "सुभ्या, तू जा. तुला काय, घरी कोन वाट बघतंय?" मी स्टेजवर सांगतो, बरोबर आहे. सरकारनं लाईट रात्री ठेवली ती काय उगाच? लग्न झालेल्यांनी घरात लोकसंख्येचं बघावं, बिनलग्नाच्यांनी रानात त्यांच्या गव्हाचं बघावं. आमच्या गावातल्या निम्म्या पोरांच्या जन्मात माझा वाटा आहे. बापांनी बापाचं काम केलं, पण त्या रात्री पाणी कोण धरत होतं?

याच्यावर बायका जास्त हसतात. पण "घरी कोन वाट बघतंय" हे वाक्य मी रचलेलं नाही. ते मला ऐकवलेलं आहे. माघातल्या थंडीत बॅटरी घेऊन बांधावरून चाललो की ते वाक्य बरोबर यायचं, आणि तिथं हसायला कुणी नसायचं.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगावे तेवढे थोडे. श्रीगोंद्याकडं एका साखर कारखान्याच्या लोकांनी बोलावलं होतं. पहिल्या रांगेत सोफ्यावर चेअरमन आणि त्यांच्या मंडळी, मागं सगळा स्टाफ. मी बोलतोय आणि स्टाफ माझ्याकडं बघतच नाही! सगळे चेअरमनच्या मानेकडं बघताहेत. मान हलली तर हसायचं. मान काही हलेना. मी पाण्याची अर्धी बाटली संपवली. शेवटी लाईटीचा भाग काढला, तर चेअरमनच्या मंडळी खुदकन हसल्या. चेअरमननी वळून बघितलं. बाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे काही थांबेनात. मग चेअरमनही हसले, आणि मागं अख्खा कारखाना सुटला. जाताना बाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडंही लाईट रात्रीचीच हवी होती हो. हे रात्री मीटिंगातच असायचे." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

कार्यक्रम संपला की लोक सेल्फी काढतात. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, मधे मी. या जिल्ह्यात किती मोबाईलमध्ये मी असा जोडप्यांच्या मधोमध उभा असेन, देव जाणे. मग खुर्च्या उचलायचा आवाज सुरू होतो. मी बाहेर येऊन एकच फोन करायचो. कार्यक्रम कसा झाला हे आईनं कधी विचारलं नाही. ती विचारायची, "जेवला का?" मी हो म्हणायचो आणि नगरजवळ केडगावात भाड्यानं घेतलेल्या खोलीवर येऊन कुलूप काढायचो. भरल्या सभागृहाला दीड तास हसवून आलेल्या माणसाला खोलीत दिव्याचं बटण शोधताना जे वाटतं, ते मला अजून कुठल्या कार्यक्रमात बसवता आलेलं नाही.

एकदा मात्र मी फसलो तो नगरच्या एका वधू-वर मेळाव्यात. संयोजकांनी मला बोलावलं होतं, कारण मुलं सकाळपासून येऊन बसलेली आणि मुलींच्या बाजूला सतरंजी रिकामी. "जरा रमवा," म्हणाले. इस्त्रीचे शर्ट, हातात बायोडाटा, शेजारी फेटे बांधलेले बाप. सगळी माझीच लेकरं वाटली मला. माझं तोंड सुटलं.

मी म्हणालो, "माझं राहिलं ते माझ्या तोंडामुळं. पण तुमचं का राहिलं? तुमच्या वाटणीची पोरगी हरवलेली नाही, राजांनो. ती आलीच नाही. सोनोग्राफीचं मशीन नवं होतं तेव्हा तिला डॉक्टरच्या दारातनं परत पाठवली. आणि पाठवणारे आज पहिल्या रांगेत फेटा बांधून सून मागायला बसलेत."

हॉल आखडला. आणि या वेळी मी ढकलायला स्वतः त्यात नव्हतो. सुटका नव्हतीच. कुणीतरी माईकची वायर काढली. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचा फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि चालता झाला. "उचलली जीभ लावली टाळ्याला," असं म्हणून संयोजकांनी मला मागच्या दारानं काढलं. गाडीपाशी एक पोरगा पळत आला. तिशी उलटलेली, शर्टाला किमतीची चिठ्ठी तशीच.

"माज्या आधी दोगी हुत्या," तो म्हणाला. "आईनं सांगितलंय मला. तुमी बोलला तवा आई शेजारीच बसली हुती."

मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"काय न्हाई. माजा हात धरून बसलीया. अजून सोडंना. मी लघवीला जातो म्हनून आलोय."

एवढं बोलून तो परत आत पळाला. मी विनोद करून पोट भरणारा माणूस, पण त्या दिवशी गाडी चालू करायला मला फार वेळ लागला.

पंचेचाळिशीत मला एक स्थळ आलं. श्रीगोंद्याच्या, अंगणवाडीत शिकवायच्या. पहिल्या नवऱ्याचं घर सोडून आलेल्या. मंदा नाव. आई आणि मी एसटीनं गेलो. आईनं नवं पातळ नेसलं होतं, आणि घटकेघटकेला माझी कॉलर नीट करत होती. त्यांच्या माणसांनी मला आणि मंदांना बोलायला आतल्या खोलीत बसवलं. आई बाहेर ओट्यावर, खिडकीच्या खालीच.

मंदा म्हणाल्या, "मी तुमचे सगळे व्हिडिओ पाहिलेत. हसले पण. माणूस म्हणून तुम्ही मला वाईट वाटला नाहीत."

मी माझी कॉलर नीट केली. पुढं त्या म्हणाल्या, "पण पहिल्या घरात माझं काय झालं ते मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगावं लागेल. आणि तुमच्या पोटात ते राहायचं नाही."

"मी नाही बोलणार. शपथ घेतो."

"तुम्ही आत्ता खरंच म्हणताय. पण समोर लोक बसलेत आणि हसत नाहीत, तेव्हा तुमची जीभ कुठं जाईल हे तुम्हाला तरी माहीत आहे का?"

त्यांनी चहा दिला. मी प्यायलो. परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत बसली होती. मांडवगण गेल्यावर म्हणाली, "पोर शानी हुती रं." बस्स. त्यानंतर तिनं माझ्या लग्नाचं नाव काढलं नाही. मला वाटायचं, हिनं आता मनातल्या मनात रुईशी तडजोड केली असेल. आणि त्या विचारानं मला फार एकटं वाटायचं. आई असूनसुद्धा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

आमच्या गावची जत्रा. रात्री तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या मानासाठी फड थोडा वेळ पुन्हा नाचून-गाऊन जातो, त्याला हजेरी म्हणतात. त्या वर्षी फडाला पुढच्या गावाची घाई होती. हजेरी न देताच गाड्या हलल्या. कमिटीची पंचाईत झाली. मी घरीच होतो. कुणीतरी म्हणालं, "सुभ्याला उभा करा. जगाला हसवतो, गावाला का न्हाई?"

तोवर मी गावात कधी बोललो नव्हतो. आणि दिवसाउजेडी तर कुठंच नाही. आमच्या धंद्याला अंधार लागतो. हॉलमध्ये दिवा आमच्यावर असतो, लोक अंधारात असतात, म्हणून ते हसतात. उजेडात शेजारी बघतो ना! सकाळच्या उन्हात लिंबाखाली सगळा गाव बसलेला, आणि मला प्रत्येक तोंड दिसत होतं. ज्यांच्या गव्हाला मी पाणी धरलं ते सगळे होते. आणि बायकांच्या बाजूला, पुढंच, आई.

येणार म्हणून बोलली नव्हती. आली आणि मांडी घालून बसली.

मी चाळून, पाखडून बोलायला लागलो. लग्नाचं वगळलं, अंगाचं वगळलं, लाईटीचं वगळलं. राहिलं काय? पुढाऱ्यांच्या नकला. लोक जांभया द्यायला लागले. एक-दोघं तंबाखू मळत उठलेसुद्धा. मी पाणी प्यायलो. बाटली खाली ठेवतोय तोच पारावरून तात्यांचा आवाज आला. तात्या म्हणजे वडलांचे धाकटे चुलतभाऊ, भावकीतले वडीलधारे.

"सुभ्या, कशाला जीव जाळतो लेका? हितं न्हाई जमलं तरी मेल्यावर रुई हायच की तुला!"

अख्खा गाव हसला. म्हातारे हसले, पोरं हसली, बायका पदराआड हसल्या. त्या सकाळचं सगळ्यात मोठं हसू, आणि ते माझ्या विनोदाचं होतं. जन्मभर दाढेखाली धरलेला, आईसाठी गिळलेला. तात्यांनी तो फुकटात उधळला. त्याच्यावर पुढचं काय बोलायचं ते मला पाठ होतं. माईक हातात होता. पण समोर आई बसलेली होती, आणि तिचं तोंड मला दिसत होतं. माझी जीभ उचललीच नाही.

तेव्हा आई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. पारापर्यंत आवाज जाईल अशी बोलली. माईक तिला लागला नाही.

"आवं भावजी, रुई देताय व्हय माज्या पोराला? आदी तिला तरी इचारा! ती बी इचारंल, पोराला नोकरी काय हाय? पुन्यात फ्लॅट हाय का? आन सासू अजून जिती हाय का मेली?"

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग जे हसू उसळलं, तसं मी माझ्या आयुष्यात काढलेलं नाही. तात्याच सगळ्यांत जास्त हसत होते, टोपी हातात घेऊन. आणि आई थांबली. अहो, मला हे शिकायला कितीतरी वर्षं गेली. हसू उतरेपर्यंत थांबायचं, एक शब्द वाया घालवायचा नाही. तिला कुणी शिकवलं? ती हसत नव्हती. उभी होती. हसू पार खाली उतरल्यावर बोलली.

"आता गावादेखत सांगते, ऐकून ठिवा. माजा सुभाष मेला तर त्याला रुई लावायची न्हाई. मी एकदा हळद लावलीया. ती माज्या हाताची अजून जात न्हाई. माज्या पोराचं काय बी अर्धं ऱ्हायल्यालं न्हाई. हाय तसा पुरा हाय. तसाच न्यायचा त्याला."

तात्यांनी टोपी डोक्यावर ठेवली नाही. हातातच धरून खाली बघत राहिले. मला सगळा गाव धूसर दिसायला लागला होता. तेवढ्यात आई माझ्याकडं वळली.

"बघतो काय? पानी पी आन बोल. तुजं ते रोजचं बोल."

मी बोललो. सगळं बोललो. अंगाचं, लाईटीचं, मला काका म्हणणाऱ्या मुलीचं. काय आणि कसं ते आठवत नाही. बायकांच्या बाजूनं येणारं हसू तेवढं आठवतं. आई मधूनमधून शेजारणीला काहीतरी सांगत होती. बहुतेक, पुढं काय येणार ते.

घरी जाताना वाटेत म्हणाली, "त्या लायटीचं लई ताणतो."

मी म्हणालो, "आई, मला इतकी वर्षं बोलू दिलं नाहीस, आणि रुईचं तू स्वतःच बोललीस की."

"माजं हुतं ते," ती म्हणाली. "तुजं न्हवतं." आणि पुढं चालायला लागली.

धंद्यातलं याच्याहून मोठं मला कुणी काही शिकवलं नाही. आधी स्वतःचं सांगायचं, हे मी सगळीकडं मिरवत होतो. पण रुई माझी नव्हतीच. ती हळद जिच्या हाताला लागली होती तिची होती. मी नुसता तिच्यावर डोळा ठेवून होतो.

त्या पावसाळ्यात बांधावर रुई उगवली. आई खुरपं घेऊन गेली, आणि तशीच परत आली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "काय मागती ती?"

आई जाऊन आता दोन वर्षं झाली. कार्यक्रम संपला की अजूनही माझा हात खिशातल्या मोबाईलकडं जातो. मग लक्षात येतं, आणि जेवलो का ते मी मलाच विचारतो. बऱ्याचदा जेवलेलो नसतो. रुईचं मी अजून कुठंही बोललेलो नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय, आणि लिहितानासुद्धा आईचे शब्द आईच्याच नावावर ठेवले आहेत.

रुई आता माझ्या खांद्याला लागली आहे. जांभळ्या फुलांनी भरते. शनिवारी लोक येऊन मारुतीच्या माळेसाठी पानं नेतात. नवीन काही रचलं की मी गावी जातो आणि बांधावर बसून आधी तिला ऐकवतो. ती हसत नाही. पण उठूनही जात नाही, आणि माझ्या धंद्यात हेही थोडं नाही. तिला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. बाई, शेजारीण म्हणून सुखानं राहा. आपलं लग्न आईनं गावादेखत मोडलंय.